मुदत संपल्यावर

कायद्याच्या कॉलेजातल्या मुलांना मधू लिमये हे नाव पक्के ठाऊक असते. विचारून पाहा. ‘मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, १९७७, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२, उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, असे उत्तर धडाधड येते. पुढे ‘पण हे लिमये कोण?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा चाचरत म्हणाला, “आरोपी, सर.” उत्तर चूक नव्हते. महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री अ. र. अंतुले यांच्याविषयी लिमये यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये दिल्लीत केलेल्या वक्तव्यावरून सरकारी वकिलामार्फत बदनामीची फिर्याद लागली होती, आणि त्या फिर्यादीत लिमये आरोपीच होते. अंतरिम आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज चालत नाही म्हणून उच्च न्यायालयाने दार लावून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ते उघडले आणि सांगितले की, न्यायाच्या प्रक्रियेचा उघड दुरुपयोग होत असेल तर उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार शाबूत आहेत. खोट्या फिर्यादीने गांजलेले कितीतरी लोक आजही त्या दाराने आत जातात. दार कोणी ठोठावले होते ते त्यांच्या वकिलालाही बहुधा सांगता येणार नाही.

या पुस्तकाला प्रस्तावना लिहा, असे मला सांगण्यात आले तेव्हा पहिल्यांदा मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. लिमये निवाड्याचे शीर्षक होऊन बसले आहेत. माणूस शीर्षकाच्या मागे गेला आहे. पुढच्या पानांत तो पुढे आणण्याचा प्रयत्न आहे.

मराठी वाचकाची इथे आणखी एक पंचाईत होते. समाजवाद्यांत मधू दोन. एक लिमये, दुसरे दंडवते. दोघेही संसदपटू, दोघेही गोवा मुक्तिलढ्यातले, दोघेही आणीबाणीत तुरुंगात. दंडवते राजापूरचे खासदार, पुढे जनता सरकारात रेल्वेमंत्री. कोकणात त्यांचे नाव घराघरांत. लिमये पुण्याचे. १ मे १९२२ चा जन्म, १९३७ साली फर्ग्युसनमध्ये प्रवेश, आणि एस. एम. जोशी व ना. ग. गोरे यांच्या सहवासात राजकारणाची दीक्षा. पण हा पुण्याचा माणूस लोकसभेत चार वेळा गेला तो चारही वेळा बिहारमधून: १९६४ ची पोटनिवडणूक आणि १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक मुंगेरमधून, १९७३ ची पोटनिवडणूक आणि १९७७ ची निवडणूक बांका मतदारसंघातून. जातीची गणिते जिथे मतपेटीच्या आधी मांडली जातात त्या मुलखात, ज्याच्या आडनावाचा उच्चारही धड होत नाही अशा माणसाला लोकांनी चारदा निवडून दिले. याचे श्रेय लिमये यांना द्यायचे की मुंगेर-बांकाच्या मतदारांना, हे मला ठरवता आलेले नाही. एवढे खरे की त्यामुळे महाराष्ट्राच्या हिशेबातून ते सुटले. आमची आणीबाणीची आठवण कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची, दुर्गाबाई भागवतांची, येरवड्याची आणि ‘साधना’वरच्या कारवाईची. मध्य प्रदेशातल्या नरसिंहगढच्या तुरुंगात एक पुणेकर बसून काय लिहीत होता, हे त्या आठवणीत बसत नाही.

त्यांचा तुरुंगाशी परिचय त्यापूर्वीचा. १९४० साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल ते धुळ्याच्या तुरुंगात गेले. साने गुरुजी तिथेच होते. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत राहिले, १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. २५ जुलै १९५५ ला ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी एवढे मारले की ते गेल्याचीच बातमी पसरली होती. डिसेंबरात लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा ठोठावली, प्रत्यक्षात १९ महिन्यांनी ते सुटले. आणीबाणीतही त्यांचा मुक्काम जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७, म्हणजे पुन्हा तेवढाच पडला. सालाझारच्या हुकूमशाहीत जेवढे दिवस, साधारण तेवढेच स्वतंत्र भारतात. हा हिशेब कोणी मुद्दाम जमवलेला नाही, पण एकदा लक्षात आला की डोक्यातून जात नाही.

आता संसदेकडे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात लोकसभेच्या कामकाजाचे जाडजूड खंड होते, जिन्याखालच्या कपाटात. मी पहिल्यांदा ते काढले तेव्हा वरच्या धुळीवर बोटाने नाव लिहिता आले असते. वाचायला बसलो आणि पहिल्या तासाभरातच कंटाळलो, कारण भाषणे शोधत होतो. लिमये भाषणांत सापडत नाहीत. ते सापडतात ते भाषण सुरू होण्याआधीच्या गडबडीत. प्रश्नोत्तराचा तास संपलेला असतो, मंत्री कागदपत्रे पटलावर ठेवत असतात, आणि तेवढ्यात हे उभे राहतात. हरकतीचा मुद्दा. नियम क्रमांक अमुक. हा कागद आज ठेवता येत नाही, कारण तो अमुक तारखेपर्यंत यायला हवा होता. मग अध्यक्षांचे उत्तर, मग ‘व्यत्यय’ हा कंसातला शब्द, मग पुन्हा लिमये, पुन्हा कंस. छापील पानावर तो कंस दोन-दोन ओळींनी येतो. मंत्र्याचे लांबलचक निवेदन पुढच्या पानावर ढकलले गेलेले असते.

ज्यांना सभागृहाची सवय नाही त्यांना हा कीस काढण्याचा प्रकार वाटतो. मलाही वाटला होता. पण हरकतीच्या मुद्द्याचे वैशिष्ट्य असे की तो उपस्थित झाला की समोर चाललेले काम थांबते. आधी त्यावर निर्णय, मग बाकीचे. पक्षाचे संख्याबळ कितीही कमी असो, मुद्दा नियमात बसत असेल तर तीनशे सदस्यांच्या बहुमताला त्या एका माणसाचे ऐकावे लागते. स्थगन प्रस्ताव मांडायला परवानगी हवी तर ५० सदस्य उभे राहावे लागतात, अविश्वास ठरावालाही ५०. विरोधी बाकांवर असताना लिमये यांच्या पक्षाजवळ एकट्याने ते बळ कधीच नव्हते. हरकतीच्या मुद्द्याला, लक्षवेधीला, पुरवणी प्रश्नाला मात्र संख्या लागत नाही. लागतो तो नियमांच्या पुस्तकाचा अभ्यास आणि सकाळी दहाच्या आत सूचना टेबलावर पोहोचवण्याची शिस्त. त्यांनी आपली हत्यारे नेमकी तिथून उचलली. सरकारी बाकांवरची मंडळी लिमये यांच्या काखेतल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे आधी बघत आणि माणसाकडे नंतर, अशी त्या काळच्या पत्रकारांची आठवण आहे.

काँग्रेसचे खासदार तुलमोहन राम यांचे १९७४ मधले प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन गेले होते. त्यातल्या बहुतेकांनी ‘ही माझी सही नव्हे’ असे सांगितले. चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. विरोधकांचे म्हणणे असे की तपासाचा अहवाल सभागृहासमोर ठेवा; सरकार ठेवीना. लिमये आणि त्यांचे सहकारी त्या एका कागदासाठी अनेक दिवस सभागृह अडवून बसले. शेवटी विरोधी नेत्यांना तो कागद गुप्ततेच्या अटीवर पाहू देण्यात आला. भ्रष्टाचाराविरुद्धची भाषणे त्या वर्षी देशभर होत होती. लिमये यांचा हट्ट मात्र एवढाच होता की सभागृहाला जे पाहण्याचा अधिकार आहे ते सभागृहाने पाहिलेच पाहिजे. आणीबाणी यायला तेव्हा जेमतेम सहा महिने उरले होते.

माझ्या मते लिमये यांची किल्ली एका साध्या मराठी शब्दात आहे: मुदत. कर्जाला मुदत असते, भाडेकराराला असते, औषधाच्या बाटलीवरही असते. सत्तेला मुदत असते ही गोष्ट आपण निवडणुकीच्या वर्षी तेवढी आठवतो. या माणसाने ती रोज आठवली. वटहुकूम संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवडेच जगतो, लेखानुदान ३१ मार्चच्या आत व्हावे लागते, अटक केलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. त्यांचे बहुतेक संसदीय झगडे या ना त्या तारखेवरून झालेले आहेत. आणि आणीबाणीच्या तरतुदींतला मूळ रोग नेमका तारखेचाच होता.

तो रोग समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा झाली तेव्हा हरी विष्णू कामत यांनी ती कलमे जीव तोडून अडवली. लोकशाही देशांच्या घटनांत याला तोड नाही, जवळचे उदाहरण आहे ते जर्मनीच्या वायमार घटनेचे, आणि तिथून हिटलर कसा आला ते ठाऊक आहे, असा त्यांचा रोख होता. कलमे मंजूर झाली. मूळ कलम ३५२ प्रमाणे राष्ट्रपतींच्या घोषणेला दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागे. मंजुरी एकदा मिळाली की पुढे काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, वर्षाने पुन्हा मतदान घ्या, असे कुठेच लिहिलेले नव्हते. घोषणेला जन्मतारीख होती, शेवटची तारीख सरकारच्या मर्जीवर होती.

याचा परिणाम काय झाला ते आकड्यांत पाहू, कारण एरवी विश्वास बसत नाही. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ ला पहिली आणीबाणी जाहीर झाली. चीनने एकतर्फी युद्धविराम पुकारला २१ नोव्हेंबरला. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. महिनाभराचे युद्ध, पाच वर्षांहून अधिक आणीबाणी. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक देशाने आणीबाणीतच लढवली, हे आज सांगितले तर लोक चमकतात. दुसरी आणीबाणी ३ डिसेंबर १९७१ ची, पाकिस्तानशी युद्ध पेटले त्या रात्रीची. युद्ध १६ डिसेंबरला संपले. घोषणा चालूच राहिली, इतकी की २५ जून १९७५ च्या रात्री ‘अंतर्गत अशांतते’ची घोषणा झाली तेव्हा जुनी अजून जिवंत होती, आणि एकीवर दुसरी चढली. १९७५ ची २१ मार्च १९७७ ला उठली, १९७१ ची त्यानंतर सहा दिवसांनी. म्हणजे ऑक्टोबर १९६२ ते मार्च १९७७ या साडेचौदा वर्षांत देश जवळजवळ साडेदहा वर्षे कुठल्या ना कुठल्या आणीबाणीखाली होता.

लिमये १९६४ मध्ये लोकसभेत आले ते पहिल्या आणीबाणीत. १९७३ मध्ये परत आले ते दुसऱ्या आणीबाणीत. त्यांची निम्मी संसदीय कारकीर्द मूलभूत हक्क कमी-अधिक प्रमाणात गुंडाळून ठेवलेल्या काळातली आहे. म्हणून ‘आणीबाणीला विरोध करणारे नेते’ या यादीत त्यांचे नाव टाकून मोकळे होणे मला पटत नाही. ती यादी जून १९७५ पासून सुरू होते. लिमये यांचा झगडा त्याआधी किमान दहा वर्षे चालू होता, आणि तेव्हा त्यात ना जयप्रकाश होते, ना गर्दी होती.

गुरूचे उदाहरण समोर होते. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्यात राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. आदेशात ‘कायदा आणि सुव्यवस्था’ असे शब्द होते. नियमात शब्द होता ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. सरकारला वाटले, फरक काय पडतो? सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, पडतो. न्या. हिदायतुल्लांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली: सर्वांत मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे, त्याच्याही पोटात राज्याच्या सुरक्षिततेचे. लोहिया सुटले. एका शब्दाच्या फरकावर माणूस सुटतो, हा धडा लिमये यांनी पुरेपूर गिरवला.

तीन वर्षांनी त्यांची स्वतःची पाळी आली. ६ नोव्हेंबर १९६८. बिहारमधल्या लखीसराय रेल्वे स्थानकाजवळ जमावबंदीचा हुकूम मोडल्याबद्दल पोलिसांनी लिमये आणि त्यांच्या सोबत्यांना धरले. का धरता, असे विचारल्यावर ‘जामीनपात्र कलमांखाली’ एवढेच सांगण्यात आले. कोणते कलम, कोणता गुन्हा, काही नाही. त्याच तारखेला लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले: आम्हाला अटक झाली आहे आणि कारण सांगितलेले नाही. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. पुढे युक्तिवादही त्यांनी स्वतः केला. ज्या गुन्ह्यासाठी पकडले तो दखलपात्र नव्हता, वॉरंट नसताना पोलिसांना हात लावता येत नव्हता, हा एक मुद्दा. घटनेच्या कलम २२ (१) प्रमाणे अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत, हा दुसरा. कोठडी वाढवताना दंडाधिकाऱ्याने डोके वापरलेले दिसत नाही, हा तिसरा. डिसेंबरात न्यायालयाने सर्वांना सोडण्याचा हुकूम दिला. पोलीस कोठडीत अडकलेल्या माणसासाठी वकील आजही हा निवाडा काढतात. बिहारमधल्या एका स्थानकाजवळ फौजदाराने दोन वाक्ये सांगायचा कंटाळा केला, त्याची ही कमाई.

दोन वर्षांनी जमावबंदीचे कलम १४४ च घटनाबाह्य ठरवा, ही त्यांची मागणी मात्र सात न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळली. हेही सांगितले पाहिजे. प्रस्तावनेत फक्त जिंकलेले खटले सांगण्याची रीत आहे, ती बरी नव्हे.

प्रतिबंधक स्थानबद्धतेचा इतिहास तर मुदतीच्या विनोदाचाच आहे. १९५० मध्ये स्थानबद्धतेचा कायदा एका वर्षापुरता म्हणून केला. दरवेळी मुदतवाढ मिळत तो १९६९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत जगला. काँग्रेस फुटून सरकार अल्पमतात आले, तेव्हा कुठे वाढ मिळाली नाही. दीड वर्षात ‘मिसा’, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, आला. तो मंजूर झाला त्या १९७१ च्या लोकसभेत लिमये नव्हते. मुंगेरला त्या वर्षी ते हरले होते. चार वर्षांनी त्याच मिसाखाली ते आत गेले.

१९७५ च्या त्या दिवसांचे वर्णन आता सर्वांना पाठ आहे, मी ते लांबवत नाही. मंत्रिमंडळाला घोषणेची खबर मिळाली ती २६ जूनच्या पहाटे, राष्ट्रपतींची सही होऊन गेल्यावर. जुलैत संसद भरली. प्रश्नोत्तराचा तास रद्द. विरोधातले अनेक खासदार तुरुंगात. लोकसभेत मंजुरीच्या बाजूने ३३६, विरोधात ५९. मोहन धारिया लोकसभेत आणि ना. ग. गोरे राज्यसभेत विरोधात बोलले, पण बोललेले छापायला वर्तमानपत्रांना मनाई होती. मग ३८ वी घटनादुरुस्ती, घोषणेला कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून. ३९ वी, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा खटला कोर्टाच्या कक्षेबाहेर काढण्यासाठी. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्जही करता येणार नाही. विरोधात मत देणारे एकटे न्या. हंसराज खन्ना. लखीसरायहून एका पत्राने दाद मिळाली होती, त्याला पुरती आठ वर्षेही झाली नव्हती.

या पुस्तकाचा गाभा मात्र त्याच्या थोडा आधीच्या प्रसंगात आहे. पाचवी लोकसभा मार्च १९७१ मध्ये पहिल्यांदा बसली. पाच वर्षे म्हणजे १८ मार्च १९७६ ला तिची मुदत संपत होती. घटनेच्या कलम ८३ मध्ये एक पळवाट होती, आजही आहे: आणीबाणी चालू असताना संसद कायदा करून लोकसभेची मुदत एका वेळी एका वर्षापर्यंत वाढवू शकते. फेब्रुवारी १९७६ मध्ये ती वाढवली. नोव्हेंबरात आणखी एक वर्ष. हे चक्र नीट पाहिले पाहिजे. सरकार आणीबाणी चालू ठेवते. आणीबाणी चालू आहे म्हणून लोकसभा स्वतःची मुदत वाढवते. मुदत वाढलेली लोकसभा सरकारला आधार देते. या गोलात मतदार कुठेच येत नाही.

लिमये यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. मला बांकाच्या लोकांनी या सभागृहाच्या पाच वर्षांसाठी पाठवले, ती संपली, आता मी कोणाचा प्रतिनिधी म्हणून बसू, असा त्यांचा साधा सवाल. त्यांच्याबरोबर शरद यादव यांनीही दिला. यादव तेव्हा विशीतले, जबलपूरच्या पोटनिवडणुकीत १९७५ च्या सुरुवातीलाच निवडून आलेले, नरसिंहगढला लिमये यांच्या सोबत. खासदारकी उपभोगायला त्यांना जेमतेम काही महिने मिळाले होते. बाकीच्या विरोधी खासदारांनी, तुरुंगातल्या आणि बाहेरच्या, राजीनामे दिले नाहीत.

त्यांची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे, आणि लिमये यांचे चाहते ती घेत नाहीत. संसद हे त्या काळात एकच ठिकाण उरले होते जिथे सरकारविरुद्ध बोललेले निदान नोंदले जात होते. ते सोडणे म्हणजे सरकारला आयते मोकळे रान देणे. तुरुंगातल्या खासदाराचे पद हे त्याच्या कुटुंबाला, कार्यकर्त्यांना थोडेफार संरक्षण होते. शिवाय राजीनाम्याने काय साधले? एक बातमी, तीही छापायला बंदी. हे सगळे खरे आहे. तरी मी लिमये यांच्या बाजूला झुकतो, आणि त्याचे कारण परिणाम नाही. ज्याने बारा वर्षे मंत्र्यांना ‘तुमची तारीख उलटली’ म्हणून उभे केले, त्याने स्वतःची तारीख उलटल्यावर बसून राहणे विसंगत झाले असते. त्यांना तेवढे पुरे होते. राजकारणात असा माणूस सोयीचा नसतो, हे पुढे त्यांच्या मित्रांनाही कळले.

१९७७ चा विजय, जनता पक्ष, मोरारजींचे मंत्रिमंडळ हा भाग वाचक पुस्तकात सविस्तर वाचतील. लिमये यांनी मंत्रिपद नाकारले आणि रायपूरहून विद्याचरण शुक्लांना हरवून आलेल्या पुरुषोत्तम कौशिकांचे नाव पुढे केले. स्वतः पक्षाचे सरचिटणीस झाले. मग दुहेरी निष्ठेचा वाद: जनसंघातून आलेल्यांनी जनता पक्षात राहून रा. स्व. संघाचे सदस्य राहावे का? लिमये म्हणाले, नाही. जुलै १९७९ मध्ये सरकार पडले आणि सहा महिन्यांनी इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या. लिमये यांनी तत्त्वाचे टोक गाठून आणीबाणी हटवणाऱ्यांचेच सरकार पाडले, असा आरोप त्यांच्यावर होतो. माझ्या मते आरोप अर्धा खरा आहे. सरकार अनेकांनी पाडले, आणि त्यांतल्या कित्येकांना तत्त्वाशी काही देणे-घेणे नव्हते. पण नियमाचा माणूस युतीच्या राजकारणात कसा अडखळतो याचा तो धडा आहे, आणि या पुस्तकाने तो लपवलेला नाही, हे बरे केले. १९८० मध्ये लिमये बांकात हरले. १९८२ मध्ये सक्रिय राजकारण सोडले. नंतर दिल्लीत लिहीत राहिले: इंग्रजी, हिंदी, मराठी मिळून साठावर पुस्तके. शास्त्रीय संगीताची ओढ शेवटपर्यंत होती. ८ जानेवारी १९९५ ला गेले.

माजी खासदाराची पेन्शन त्यांनी घेतली नाही. स्वातंत्र्यसैनिकाचीही घेतली नाही. ही गोष्ट लोक साधेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यात तोच जुना हिशेब दिसतो. मुदत संपली, खाते बंद.

राहता राहिली ४४ वी घटनादुरुस्ती. १९७८ ची. कायदामंत्री शांतिभूषण यांनी ती मांडली. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत असल्यामुळे तिच्यातली पाच कलमे तिथे गळाली. उरले तेही थोडे नव्हते. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येणार नाही. संसदेची मंजुरी महिन्याच्या आत, तीही विशेष बहुमताने. लोकसभेचे दहा टक्के सदस्य मागणी करतील तर घोषणा रद्द करण्यासाठी खास बैठक. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही. आणि ज्यासाठी हे सगळे मी सांगतो आहे ते: दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी. कलम ३५२ ला अखेर मुदत मिळाली.

त्याच दुरुस्तीतले कलम ३ स्थानबद्धतेविषयी आहे. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबता येत होते, ते दोन करायचे. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे, अध्यक्ष कार्यरत न्यायमूर्तीच असायचा. संसदेने हे मंजूर केले, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते कधीपासून लागू करायचे ती तारीख अधिसूचनेने ठरवण्याचे काम केंद्र सरकारवर सोडले होते. १९७९ मध्ये दुरुस्तीतल्या इतर कलमांच्या तारखा निघाल्या, याची निघाली नाही. पुढे धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली स्थानबद्ध केले, तेव्हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला: संसदेने केलेली दुरुस्ती सरकार अशी अडवून ठेवू शकते का? सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, लिमये यांच्यासारखेच पुण्याचे, आणि १९७६ च्या निकालात चारांच्या बाजूचे. डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने निर्णय झाला की अधिसूचना काढा असा हुकूम न्यायालय सरकारला देऊ शकत नाही.

त्यानंतर सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली. घटनेची प्रत काढून कलम २२ पाहिलेत तर तळटीप दिसेल: अमुक दुरुस्तीने असे वाचले जाईल, ‘तारीख अधिसूचित व्हावयाची आहे’. मी दरवर्षी नवी आवृत्ती आली की आधी ते पान उघडतो.